राउंडिंग आणि सुरक्षित भागाकार: हेल्पर फंक्शन्स नेमकी कशी लिहावीत

जवळपास प्रत्येक प्रकल्पात ‘युटिल्स’ नावाची एक फाइल असते आणि तिच्यात दोन हेल्पर फंक्शन्स, म्हणजे वारंवार लागणारी छोटी मदतनीस फंक्शन्स, हमखास सापडतात. एक संख्या ठरावीक दशांश स्थळांपर्यंत राउंड करते, दुसरे शून्याने भागायची वेळ आली तरी प्रोग्रॅम बंद पडू देत नाही. दोन्ही दोन-तीन ओळींची, त्यामुळे फारसा विचार न करता लिहिली जातात. पुढे अहवालातल्या बेरजा जुळत नाहीत, सरासरी कारण नसताना खाली येते, सर्व्हरवरचा आणि ब्राउझरमधला आकडा शेवटच्या अंकात वेगळा दिसतो. माग काढत गेले की बऱ्याचदा याच फाइलपाशी यावे लागते. ही फंक्शन्स चुकली तरी एरर येत नाही, चुकीचे उत्तर येते, आणि ते उत्तर दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखे असते. म्हणून ती लिहिताना आधी निर्णय घ्यायचे असतात, मग कोड.

राउंडिंगची रीत आधी ठरवा

२.३ चे २ होतात आणि २.७ चे ३, यात वाद नाही. प्रश्न बरोबर मध्यावर पडणाऱ्या संख्येचा आहे. २.५ चे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक भाषेने आपापले ठरवले आहे. पायथन ३ मधले राउंड फंक्शन २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४, कारण ते मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. जावास्क्रिप्टचे मॅथ.राउंड २.५ चे ३ करते, पण उणे २.५ चे उणे २, कारण तिथे मध्यावरची संख्या नेहमी वरच्या, म्हणजे धन अनंताच्या दिशेने जाते. जावाचे मॅथ.राउंड तसेच वागते. सी आणि गो यांची राउंड फंक्शन्स शून्यापासून दूर जातात: २.५ चे ३ आणि उणे २.५ चे उणे ३. सी शार्पचे मॅथ.राउंड काहीच सांगितले नाही तर समाकडे जाते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये न्यूमरिक प्रकाराची (दशांशात नेमकी साठणारी) संख्या शून्यापासून दूर जाते, तर डबल प्रिसिजनची (बायनरीत अंदाजे साठणारी) संख्या बहुतेक यंत्रांवर समाकडे. एकाच डेटाबेसमध्ये, एकाच नावाच्या फंक्शनमध्ये हा फरक आहे.

समाकडे नेण्याच्या रीतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात आणि ती उगाच आलेली नाही. ०.५, १.५, २.५, ३.५ यांची बेरीज ८ होते. प्रत्येक संख्या वर ढकलली तर १, २, ३, ४ मिळून १० होतात. समाकडे नेली तर ०, २, २, ४ मिळून पुन्हा ८. म्हणजे खूप आकडे राउंड करून त्यांची बेरीज घ्यायची असेल, तर समाकडची रीत बेरीज एका बाजूला झुकू देत नाही. उलट एखादा नियम किंवा करार ‘अर्धा असेल तर वर’ असे स्पष्ट सांगत असेल, तर तिथे तीच रीत वापरायची, गणिताचा युक्तिवाद तिथे चालत नाही.

हेल्परला रीत हा वेगळा पॅरामीटर द्या आणि त्याची डीफॉल्ट किंमत ठेवू नका. प्रत्येक ठिकाणी लिहायचा थोडा कंटाळा येतो, पण कोड वाचणाऱ्याला त्या ओळीतच कळते की कोणता निर्णय घेतला आहे. शक्य असेल तर त्याहून पुढे जाऊन ‘राउंड_समाकडे’ आणि ‘राउंड_शून्यापासून_दूर’ अशी दोन फंक्शन्सच करा. नुसते ‘राउंड२’ हे नाव काही सांगत नाही.

१.००५ चे १.०१ का होत नाही

रीत ठरवली तरी काम संपत नाही, कारण फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक ठेवण्याच्या संगणकाच्या नेहमीच्या प्रकारात, लिहिलेली संख्या आणि साठवलेली संख्या या दोन वेगळ्या गोष्टी असतात. डबल या नेहमीच्या फ्लोट प्रकारात ५३ बिटांची अचूकता असते आणि त्यात दोनाच्या घातांनी बनणारे अपूर्णांकच नेमके बसतात. ०.५ किंवा ०.७५ बसतात, ०.१ बसत नाही. १.००५ प्रत्यक्षात १.००४९९९९९९९९९९९९८९… अशी साठवली जाते. ती मध्यावर नाहीच, किंचित खाली आहे. त्यामुळे दोन दशांशांवर राउंड केली की १.०० हेच साठवलेल्या संख्येचे बरोबर उत्तर ठरते. पायथनमध्ये २.६७५ चे दोन दशांशांवर २.६७ होतात, त्याचेही कारण हेच.

आता सगळ्यात जास्त कॉपी केला जाणारा हेल्पर बघू: संख्येला १०० ने गुणा, पूर्णांकात राउंड करा, १०० ने भागा. १.००५ ला १०० ने गुणले की १००.४९९९९९९९९९९९९९ मिळतात, राउंड केल्यावर १००, म्हणजे उत्तर १.००. तेच २.६७५ सोबत केले तर गुणाकारातही थोडे राउंडिंग होते आणि नेमके २६७.५ मिळतात, राउंड केल्यावर २६८, म्हणजे २.६८. दोन्ही संख्या साठवताना मध्याच्या किंचित खालीच होत्या, पण एक खाली गेली आणि दुसरी वर. हा हेल्पर चाचणीत पास होऊ शकतो, कारण चाचणीत कोणती संख्या निवडली यावर सगळे अवलंबून आहे.

यावर इंटरनेटवर एक उपाय फिरतो: गुणण्याआधी जावास्क्रिप्टचा एप्सिलॉन, म्हणजे २ चा उणे ५२ वा घात, मिळवा. १.००५ ला तो लागू पडतो. पण एप्सिलॉन म्हणजे १ च्या लगेच पुढे दोन शेजारी डबल संख्यांमधले अंतर. संख्या मोठी होत जाते तसे हे अंतर वाढते आणि ४ पासून पुढे एप्सिलॉन मिळवल्याने काहीच बदलत नाही. १०.०७५ घेऊन पाहा: एप्सिलॉन मिळवूनही १००७.४९९… मिळतात आणि उत्तर १०.०७ येते. हा उपाय वापरू नका.

जे खरोखर चालते ते असे.

पायथनमध्ये डेसिमल मॉड्यूल (दशांश संख्या नेमक्या साठवणारे) घ्या. फ्लोट थेट डेसिमलला देऊ नका, तसे केले तर साठवलेली सगळी शेपटी सोबत येते. आधी संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) करा, तिच्यापासून डेसिमल बनवा आणि मग क्वांटाइझ करा (हव्या तितक्या दशांशांवर आणा), राउंडिंगची रीत स्पष्ट देऊन. २.६७५ ची स्ट्रिंग ‘२.६७५’ अशीच येते, कारण पायथन त्या फ्लोटकडे परत नेणारी सर्वात छोटी दशांश संख्या छापतो. मग शून्यापासून दूर जाणाऱ्या रीतीने २.६८ मिळतात. क्वांटाइझला एक मर्यादा आहे: उत्तरात डीफॉल्ट २८ पेक्षा जास्त अंक लागले तर तो एरर देतो. जावामध्ये बिगडेसिमल वापरताना हीच काळजी घ्या: स्ट्रिंगपासून बनवा किंवा व्हॅल्यूऑफ वापरा, डबल थेट कन्स्ट्रक्टरला देऊ नका.

जावास्क्रिप्टमध्ये डेसिमल प्रकार हाताशी नसेल तर पायऱ्या अशा:

१. संख्या सांत (अनंत नसलेली खरी संख्या) आहे का ते तपासा. नॅन (‘ही संख्या नाही’ असे सांगणारी किंमत) किंवा अनंत असेल तर तशीच परत करा.
२. चिन्ह बाजूला काढा आणि संख्येची धन किंमत घ्या. ही पायरी गाळली तर ऋण संख्या उलट्या बाजूला राउंड होतात.
३. धन किंमतीची स्ट्रिंग करा. स्ट्रिंगमध्ये आधीच घातांक असेल, जसा अगदी लहान किंवा अगदी मोठ्या संख्येत येतो, तर घातांकाचा आकडा वेगळा काढा आणि त्यात स्थळे मिळवा. नसेल तर स्थळे हाच घातांक जोडा (१.००५ आणि २ स्थळांसाठी ‘1.005e2’).
४. ती स्ट्रिंग पुन्हा संख्येत बदला, पूर्णांकात राउंड करा.
५. त्याच पद्धतीने घातांक उलटा लावून संख्या मूळ जागी आणा आणि चिन्ह परत द्या.

तिसऱ्या पायरीतली घातांकाची तपासणी बहुतेक नमुन्यांत नसते. मग ०.०००००००५ सारखी संख्या आली की स्ट्रिंगमध्ये दोन घातांक लागतात आणि उत्तर नॅन येते.

या दोन्ही पद्धती माणसाने भरलेल्या संख्येसाठी चांगल्या आहेत. गणनेतून आलेल्या संख्येत चूक आधीच शिरलेली असते, ती स्ट्रिंग करून जात नाही. ०.७ अधिक ०.१ हे ०.७९९९९९९९९९९९९९९९ होतात, त्याची स्ट्रिंगही तीच. म्हणून जिथे पैशांचा हिशेब आहे तिथे सुरुवातीपासूनच डेसिमल ठेवा, किंवा चलनाच्या सर्वात लहान एककातला पूर्णांक ठेवा. शेवटी राउंड करून फ्लोट सुधारता येत नाही.

जावास्क्रिप्टच्या टूफिक्स्ड फंक्शनबद्दल एवढेच: ते स्ट्रिंग देते. तिला पुढे १ मिळवायला गेलात तर बेरीज न होता अक्षरे जोडली जातात. ते दाखवण्यासाठी आहे, हिशेबासाठी नाही.

छाटणे, दोनदा राउंड करणे आणि उणे शून्य

पुढचे दशांश छाटून टाकणे म्हणजे राउंडिंग नव्हे. वर पाहिलेले ०.७९९९… एका दशांशावर छाटले तर ०.७ उरतात, जरी अपेक्षित उत्तर ०.८ असले तरी. शिवाय धन संख्या छाटली की ती नेहमी कमीच होते, त्यामुळे चूक साठत जाते. व्हँकुव्हर स्टॉक एक्स्चेंजचा निर्देशांक १९८२ च्या जानेवारीत १००० पासून सुरू झाला. प्रत्येक वेळी तो नव्याने मोजताना तीन दशांशांपुढचे अंक छाटले जात होते. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला होता. नीट मोजल्यावर खरी किंमत १०९८ च्या पुढे निघाली. प्रत्येक वेळची चूक एका हजारांशापेक्षाही लहान होती.

दोनदा राउंड करणेही टाळा. २.४४५ थेट एका दशांशावर नेले तर २.४ येतात. आधी दोन दशांशांवर २.४५ आणि मग एका दशांशावर नेले, तर मध्यावर वर जाणाऱ्या रीतीने २.५ होतात. डेटाबेसमधून राउंड केलेला आकडा घेऊन स्क्रीनवर पुन्हा राउंड केला की हेच घडते. मूळ संख्या शेवटपर्यंत नेऊन एकदाच राउंड करावी. ०.४ च्या तीन ओळी वेगवेगळ्या राउंड केल्या तर बेरीज ०, बेरीज करून राउंड केले तर १. कोणते हवे ते आधी ठरवून लिहून ठेवा.

उणे ०.४ राउंड केल्यावर काही भाषांत उणे शून्य मिळते आणि स्क्रीनवर ‘-०’ दिसते. उत्तरात ०.० मिळवले की ते साधे शून्य होते.

ठरावीक पटीत राउंड करायचे असेल, समजा ०.०५ च्या पटीत, तर ०.०५ ने भागून पुन्हा ०.०५ ने गुणू नका. २० ने गुणा, राउंड करा, २० ने भागा. २० पूर्णांक म्हणून नेमका साठतो, ०.०५ साठत नाही. मध्यावरच्या संख्यांची अडचण इथेही तीच, पण निदान ०.१५००००००००००००००२ सारखी शेपूट दिसत नाही.

वाटणी: बेरीज जुळवणारा हेल्पर

१०० टक्के सहा समान भागांत वाटले तर प्रत्येकी १६.६७, राउंड करून १७, आणि सहा सतरे १०२. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे बरोबर, बेरीज चूक. यासाठी वेगळा हेल्पर हवा. प्रत्येक हिश्शाचा खालचा पूर्णांक घ्या (इथे १६), त्यांची बेरीज करा (९६), उरलेले एकक काढा (४), आणि ज्यांचा कापलेला अपूर्णांक सर्वात मोठा आहे त्यांना एकेक द्या. अपूर्णांक समान असतील तर क्रम ठरवणारा पक्का नियम ठेवा, जसे मूळ यादीतला क्रम. तो नसेल तर एकाच माहितीवर दोन वेळा चालवून दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात आणि असा दोष शोधताना दमछाक होते.

भागाकार: शून्य आले तर काय सांगायचे

शून्याने भागल्यावर भाषा काय करते हेही एकसारखे नाही. आयईईई ७५४ या मानकानुसार फ्लोटमध्ये ५ भागिले ० म्हणजे अनंत आणि ० भागिले ० म्हणजे नॅन. जावास्क्रिप्ट तेच देते. पायथन फ्लोटसाठीही एरर देतो. पूर्णांकांच्या भागाकारात जावा एक्सेप्शन (पकडली नाही तर प्रोग्रॅम थांबवणारी एरर) टाकते, गो आणि रस्ट पॅनिक करतात, म्हणजे काम तिथेच थांबवतात, आणि सी मध्ये वर्तन ठरलेलेच नाही. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या जहाजावर डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरले गेले, त्याने भागाकार झाला, नेटवर्क कोसळले आणि जहाजाची चालनयंत्रणा काही तास ठप्प झाली.

अशा वेळी हात आपोआप ‘भाजक शून्य असेल तर शून्य परत करा’ असे लिहितो. बहुतेक ठिकाणी हे चूक आहे. पाच दिवसांचे यशाचे प्रमाण ९८, ९७, ९९, ९८ असे चार दिवस आहे आणि पाचव्या दिवशी एकही विनंती आली नाही. त्या दिवसासाठी हेल्परने ० दिले तर सरासरी ७८.४ येते. तो दिवस ‘माहिती नाही’ म्हणून सोडला तर ९८. पहिल्या आकड्याने कोणीतरी घाबरून रात्री उठेल आणि बिघाड काहीच नसेल. ‘शून्य टक्के यश’ आणि ‘मोजण्यासारखे काही नव्हते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेल्परने त्या एक करू नयेत.

म्हणून रचना अशी ठेवा:

सुरक्षित_भागाकार(भाज्य, भाजक, नसेल_तर):
– भाज्य किंवा भाजक रिकामा असेल, किंवा नॅन असेल, तर ‘नसेल_तर’ परत करा
– भाजक शून्य असेल तर ‘नसेल_तर’ परत करा
– भागाकार करा
– उत्तर सांत नसेल तर ‘नसेल_तर’ परत करा
– उत्तर परत करा

‘नसेल_तर’ची किंमत बोलावणाऱ्याने द्यायची, आणि काहीच दिले नाही तर रिकामी किंमत परत यावी, शून्य नव्हे. शून्य खरोखर हवे असेल तिथे ते उघड लिहिले जाईल आणि तपासणाऱ्याच्या नजरेला पडेल.

नॅनची तपासणी वेगळी लागते, कारण नॅन कशाशीच समान नसते, स्वतःशीही नाही. ‘भाजक शून्य आहे का’ या प्रश्नातून ते सहज निसटते. शेवटची सांततेची तपासणीही गाळू नका. भाजक शून्य नसला तरी खूप लहान असेल, तर फ्लोटची कमाल मर्यादा ओलांडून उत्तर अनंत होऊ शकते.

जावास्क्रिप्टमध्ये ‘भाज्य / भाजक || ०’ असे एका ओळीत लिहिण्याची सवय आहे. ० भागिले ० ला ते चालते, कारण नॅन खोटे मानले जाते. ५ भागिले ० चे उत्तर अनंत, आणि अनंत खरे मानले जाते, म्हणून ते तसेच पुढे जाते. नेमकी जी चूक पकडायची होती तीच निसटते.

पायथनमध्ये शून्य-भागाकाराचे एक्सेप्शन पकडूनही काम होते, पण डेसिमल वापरत असाल तर लक्ष द्या: डेसिमल ५ भागिले ० चे एक्सेप्शन त्यात पकडले जाते, ० भागिले ० ला मात्र ‘इनव्हॅलिड ऑपरेशन’ हे वेगळे एक्सेप्शन येते आणि ते सुटते. आधी भाजक तपासणे जास्त सरळ. हेल्परला दिलेल्या पॅरामीटरमध्येच दुसरा भागाकार असेल तर तो हेल्परच्या आत शिरण्याआधीच होतो. त्याचे संरक्षण हेल्पर करू शकत नाही.

जवळजवळ शून्य असलेल्या भाजकाचा प्रश्न अवघड आहे. ०.१ अधिक ०.२ वजा ०.३ हे गणिताने शून्य, फ्लोटमध्ये मात्र २ चा उणे ५४ वा घात. शून्याची तपासणी पास होते आणि १ भागिले तो भाजक म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४. यावर ‘एका अब्जांशापेक्षा लहान असेल तर शून्य माना’ असा नियम सगळीकडे लावू नका. जिथे मोजमापच नॅनोमीटरचे मीटरमध्ये लिहिलेले आहे, तिथे तो खऱ्या किंमती गिळून टाकेल. मर्यादा हवीच असेल तर ज्या संख्यांच्या वजाबाकीतून भाजक आला, त्यांच्या आकाराच्या प्रमाणात ठेवा, आणि ती हेल्परच्या आत पक्की न लिहिता पॅरामीटर म्हणून द्या.

पूर्णांकांचा भागाकार

उणे ७ भागिले २ चे पूर्णांक उत्तर सी, जावा आणि गो मध्ये उणे ३ (बाकी उणे १), पायथनच्या दुहेरी तिरक्या रेघेने उणे ४ (बाकी १). एका भाषेतून दुसरीत कोड नेताना इथे हमखास घसरायला होते. पायथनमध्ये साध्या भागाकाराचे उत्तर इंटमध्ये बदलून पूर्णांक भागाकार करू नका. मधे फ्लोट येतो आणि ९००७१९९२५४७४०९९३ ला १ ने भागले तरी ९००७१९९२५४७४०९९२ मिळतात.

वर नेणाऱ्या भागाकारासाठी, म्हणजे १०१ नोंदी दर पानाला २० तर पाने किती यासाठी, ‘भाज्य + भाजक − १’ ला भाजकाने भागतात. मोठ्या भाज्यात ही बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. भागाकार घ्या आणि बाकी शून्य नसेल तर १ मिळवा, हे धन संख्यांसाठी सुरक्षित आहे. जवळच्या पूर्णांकाकडे राउंड करायचे असेल तर शून्याकडे छाटणारा भागाकार आणि बाकी घ्या. बाकीची धन किंमत ‘भाजकाची धन किंमत वजा बाकीची धन किंमत’ याइतकी किंवा जास्त असेल तर भागाकार शून्यापासून एकने दूर न्या. दिशा भाज्य आणि भाजक यांच्या चिन्हांवरून ठरवा, भागाकाराच्या नव्हे, कारण भागाकार ० असू शकतो. समाकडची रीत हवी असेल तर दोन्ही बाजू नेमक्या समान असताना भागाकार विषम असेल तरच हलवा. यात फ्लोट कुठेच येत नाही, म्हणून उत्तर नेमके असते.

३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात उणे २१४७४८३६४८ भागिले उणे १ चे उत्तर बसत नाही. भाजक शून्य नाही, तरी भागाकार असुरक्षित. सी मध्ये लिहिताना ही जोडी वेगळी तपासा.

क्वेरी आणि ॲरे

एसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरी-भाषेत भाजकाला नलइफ फंक्शन लावून शून्याचे नल (रिकामी किंमत) करणे पुरेसे आहे. सरासरीचे फंक्शन नल वगळते, त्यामुळे वरचा ९८ चा आकडा आपोआप बरोबर येतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांच्या सिलेक्ट क्वेरीत शून्याने भागले की नलच येते, पोस्टग्रेस्क्यूएल एरर देते, म्हणून तिथेही नलइफ लिहाच. पायथनच्या नंपाय या ॲरेंच्या (संख्यांच्या याद्यांच्या) लायब्ररीत व्हेअर फंक्शनच्या आत भागाकार लिहिला तर तो सगळ्या घटकांवर आधी होतो आणि इशारे येतात. डिव्हाइड फंक्शनला अट द्या, पण सोबत आउट ॲरे स्वतः भरून द्या. न दिल्यास अट न जुळणाऱ्या जागांत स्मृतीतला कचरा राहतो.

चाचणीत कोणत्या संख्या हव्यात

राउंडिंगसाठी: ०.५, १.५, २.५ आणि त्यांच्या ऋण जोड्या, १.००५, २.६७५ आणि १०.०७५, उणे ०.४, ०.०००००००५, ९००७१९९२५४७४०९९२, नॅन आणि दोन्ही अनंत. शिवाय एकदा राउंड केलेली संख्या पुन्हा त्याच स्थळांवर राउंड केली तर बदलू नये, हे हजारो यादृच्छिक संख्यांवर तपासा. भागाकारासाठी: ०/०, ५/०, उणे ५/०, भाजक उणे ०.०, भाजक नॅन, भाजक रिकामा, आणि मोठा भाज्य भागिले अगदी लहान भाजक. वाटणीच्या हेल्परसाठी एकच अट पुरते, ती म्हणजे हिश्शांची बेरीज मूळ संख्येइतकी असणे, पण ती शून्य हिस्से, एक हिस्सा आणि सगळी वजने (ज्या प्रमाणात वाटायचे ते आकडे) शून्य या तीन टोकांवरही चालवा. सगळी वजने शून्य असतील तेव्हा आत भागाकार आहे, आणि तिथे वरचाच सुरक्षित भागाकार वापरायचा.